पाप आणि विश्वासानें मिळणारें नीतिमत्त्व



पाप आणि नीतिमत्त्व हे दोन शब्द आपल्या उपासनेंत जितके वारंवार येतात, तितके दुसरे क्वचितच येत असतील. उपदेशक ते उच्चारितो, मंडळी ते ऐकते, आणि प्रत्येक जण आपल्या मनांत पूर्वींपासून असलेला अर्थ त्यांत घालून घरीं जातो. पाप म्हटलें कीं कोणास विटाळ आठवतो, कोणास मागल्या जन्माचें कर्म आठवतें, कोणास चावडीवर उघडकीस आलेली चोरी आठवते. नीतिमत्त्व म्हटलें कीं बहुतेकांस पुण्याची शिल्लक आठवते. शब्द एक आणि अर्थ अनेक, असें असतां शुभवर्तमानाचा निरोप पोंचला असें कसें म्हणावें? ह्यास्तव ह्या दोन शब्दांचा विचार आज थोडा खोल जाऊन करूं.

ह्या विषयांत एक कठीण गांठ आहे, आणि ती शास्त्रांतलीच आहे. जो न्याय करणारा अपराध्यास सोडितो आणि निरपराध्यास अडकवितो, त्याच्या दोन्ही करण्यांचा परमेश्वरास वीट आहे, असा नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायांतील पंधराव्या वचनाचा आशय आहे. उलट पक्षीं, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चवथ्या अध्यायांत पौल म्हणतो कीं, आपला देव अधर्म्यास नीतिमान ठरविणारा देव आहे. तर मग जें कृत्य गांवच्या पंचांस दूषणावह, तें देवास शोभतें कसें? हा प्रश्न पुष्कळ अख्रिस्ती शेजारी आपल्या उपदेशकांस विचारितात, आणि तो विचारण्यांत त्यांची चूक नाहीं. ज्यास हा प्रश्न कधीं पडलाच नाहीं, त्यानें क्षमेची किंमत अजून ओळखिली नाहीं असेंच म्हटलें पाहिजे.

विचारास आधार म्हणून एक दृष्टांत घेऊं. समजा, एक शेतकरी दर वर्षीं नांगरणीच्या वेळीं शेजारच्या विधवेच्या शेताचा बांध वीतभर कोरितो. एका वर्षांत कोणाच्या नजरेस येत नाहीं. दहा वर्षांत पांच हात जमीन इकडची तिकडे होते, आणि शेवटीं हद्दीचा धोंडाही सरकतो. विधवेचें कोणी ऐकत नाहीं. तो शेतकरी उपासनेस येतो, गीतें गातो आणि वर्गणीही देतो. ह्या मनुष्याचें पाप कशांत आहे, आणि तो देवापुढें नीतिमान ठरूं शकेल काय?

प्रथम पाप काय नव्हे हें पाहूं. पाप म्हणजे जन्म नव्हे. आपल्यांतील पुष्कळांच्या आजापणजांस लहानपणापासून असें ऐकविण्यांत आलें कीं, तुम्हीं ह्या जातींत जन्मलां हेंच तुमच्या पूर्वजन्मीच्या पापाचें फळ होय. असें शंभरदां ऐकलेला मनुष्य बाप्तिस्मा घेतल्यावरही मान खालीं घालून चालतो, आणि आपल्या त्या लाजेसच तो पापाची जाणीव समजतो. परंतु योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायांत शिष्यांनीं जन्मांध मनुष्याकडे बोट दाखवून विचारिलें कीं, पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? तेव्हां प्रभूनें तो हिशेबच खोटा ठरविला. आंधळेपण, दारिद्र्य, वैधव्य अथवा कुळ ह्यांवरून कोणाचें पाप मोजतां येत नाहीं.

तसेंच पाप म्हणजे विटाळ नव्हे. बाहेरून पोटांत जाणारी वस्तु मनुष्यास भ्रष्ट करीत नाहीं, आंतून निघणारे दुष्ट विचार करितात, असें मार्काच्या सातव्या अध्यायांत प्रभूनें शिकविलें. सन १९२७ च्या मार्च महिन्यांत महाड येथें डॉक्टर आंबेडकर आणि त्यांचे सोबती चवदार तळ्याचें पाणी प्याले. त्यानंतर कांहीं लोकांनीं तें तळें बाटलें असें म्हणून शुद्धीचा विधि केला. आतां पाप पाण्यांत होतें, पिणाऱ्याच्या ओंजळींत होतें, कीं तहानेल्या माणसास पाण्यापासून दूर ठेवणाऱ्या अंतःकरणांत होतें? अस्पृश्यता आपल्या देशाच्या घटनेनें १९५० सालीं रद्द केली. पण जेथें ख्रिस्ती म्हणविणारे लोकही बसावयाच्या जागा आणि सोयरिकी जुन्या जातींवरून ठरवितात, तेथें हा प्रश्न आपल्यालाच विचारिला पाहिजे.

मग पाप म्हणजे काय? जुन्या कराराच्या इब्री भाषेंत ह्यासाठीं मुख्य शब्द तीन आहेत. पहिल्याचा मूळ अर्थ नेम चुकणें. शास्त्यांच्या विसाव्या अध्यायांत बन्यामिनाच्या वंशांतील सातशें डावखुरे गोफणदार वर्णिले आहेत, त्यांचा नेम केसभरही चुकत नसे. तेथें चुकण्यासाठीं जें क्रियापद आलें आहे, तेंच अन्यत्र पाप करण्यासाठीं येतें. दुसऱ्या शब्दाचा अर्थ वांकडेपणा, आणि तिसऱ्याचा अर्थ धन्याविरुद्ध बंड. आपल्या शेतकऱ्याकडे पाहा. शेजाऱ्यावर प्रीति करावी ह्यासाठीं देवानें त्यास निर्माण केलें, तो नेम त्याचा चुकला. नांगराचें तास सरळ जावयाचें, तें त्यानें मुद्दाम वांकडें नेलें. आणि जमीन देवाची आहे, हद्द त्याच्या न्यायाची आहे, असें असतां तेथें त्यानें आपली सत्ता चालविली, हें बंड झालें. शेजाऱ्याचा धोंडा सरकविणाऱ्यावर शाप असो, असें अनुवादाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत इस्राएलानें उगीच म्हटलें नाहीं. दाविदानें उरीयाचें घर बुडविलें, आणि पुढें तो म्हणाला कीं मीं परमेश्वराविरुद्ध पाप केलें. शेजाऱ्यावर मारलेला घाव देवापर्यंत पोंचतो, तेव्हां त्यास पाप हें नांव मिळतें.

आणखी असें कीं, पाप हें कृत्यापुरतें नसतें. शेतांतील हरळी खुरप्यानें वरवर कापिली तर चार दिवस रान स्वच्छ दिसतें, पण मूळ जमिनींत राहतें आणि पहिल्या पावसाबरोबर पुनः हिरवें होतें. बांध कोरणें हें पान आहे. मला जास्त पाहिजे, आणि दुबळ्यास विचारणारा कोणी नाहीं, हें त्याचें मूळ आहे. हें मूळ ज्याच्या अंतःकरणांत नाहीं असा मनुष्य पौलास यहूद्यांतही सांपडला नाहीं आणि परराष्ट्रीयांतही सांपडला नाहीं. ज्यानें बांध कोरिला नाहीं, त्यानें कदाचित् जिभेनें शेजाऱ्याची अब्रू कोरिली असेल.

आतां ह्यावर लोक जो उपाय योजितात तो पाहूं. पाप झालें तर पुण्य करून भरून काढावें, म्हणजे वहीच्या दोन बाजू बरोबर होतील, असें सर्वांस वाटतें, आणि ख्रिस्ती लोकांसही वाटतें. आपल्या शेतकऱ्यानें हंगामाच्या उपकारस्तुतीच्या दिवशीं पायलीऐवजीं पोतें अर्पण केलें, तर विधवेची पांच हात जमीन परत गेली काय? शिवाय तें पोतें तरी कोणत्या जमिनींतलें? जें करणें आपलें कर्तव्यच होतें, तें केल्यानें शिल्लक उरत नाहीं. लूकाच्या सतराव्या अध्यायांतील चाकराच्या दृष्टांताचें तात्पर्य हेंच आहे.

ह्या मार्गानें मनापासून चालून पाहिलेल्या दोघांची साक्ष ऐकण्याजोगी आहे. मार्टिन ल्यूथर १५०५ सालीं जर्मनींतील एर्फुर्ट येथील मठांत शिरला. उपास, जागरण आणि पापकबुली ह्यांत त्यानें कसूर केली नाहीं, तरी त्याच्या जिवास शांति नव्हती. देवाचें नीतिमत्त्व हा शब्द वाचला कीं त्यास शिक्षा करणारा न्याय दिसे. पुढें विटेनबर्ग येथें रोमकरांस पत्राचें मनन करितां करितां त्यास उमगलें कीं, देव ज्या नीतिमत्त्वानें पाप्यास आपलासा करितो, तें देणगीचें नीतिमत्त्व येथें सांगितलें आहे. ही हकीगत त्यानें म्हातारपणीं, १५४५ सालीं, आपल्या ग्रंथांच्या प्रस्तावनेंत लिहून ठेविली.

दुसरी साक्ष आपल्या घरची आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला. लहानपणीं आईबापांबरोबर तीर्थें आणि व्रतें करितां करितां त्यांनीं उपासमारही सोसली होती. आपल्या १९०७ सालच्या साक्षींत त्या सांगतात कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला, परंतु त्या धर्माचा जीव जो ख्रिस्त, तो अजून लाभला नाहीं. पुढें त्यांनीं आपल्या अपात्रतेसह स्वतःस ख्रिस्ताच्या हातीं सोंपविलें, आणि त्यांस शांति मिळाली. एवढी विदुषी, एवढी सेवा करणारी बाई जर स्वतःच्या कर्तबगारीवर उभी राहूं शकली नाहीं, तर आपण कोण?

तर मग नीतिमत्त्व कोठून येतें? पौल अब्राहामाकडे बोट दाखवितो. रोमकरांस पत्राच्या चवथ्या अध्यायांत गणणें अथवा जमेस धरणें ह्या अर्थाचा एक ग्रीक शब्द अकरा वेळां आला आहे. तो हिशेबाच्या वहींत चालणारा शब्द आहे. अब्राहामानें देवावर विश्वास ठेविला, आणि तो विश्वास नीतिमत्त्व म्हणून त्याच्या जमेस धरण्यांत आला. हें केव्हां घडलें, इकडे पौल मुद्दाम लक्ष वेधितो. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायांत ही गोष्ट आहे. पुढें इश्माएल जन्मला तेव्हां अब्राहाम शहायशीं वर्षांचा होता, आणि सुंता झाली तेव्हां नव्याण्णव वर्षांचा. म्हणजे सुंतेच्या निदान तेरा वर्षें आधींच देवानें त्यास नीतिमान गणिलें होतें. अंगावर खूण नव्हती, मोशाचें नियमशास्त्र आलें नव्हतें, देऊळ बांधिलें नव्हतें. बाहेरच्या म्हटलेल्या मनुष्यास देवानें बाहेरच असतां जवळ केलें. ज्यांस पिढ्यान् पिढ्या देवळाच्या पायरीपाशीं अडविलें गेलें, त्यांनीं हा हिशेब पाठ करून ठेवण्याजोगा आहे.

परंतु आपली गांठ अजून सुटली नाहीं. देवानें असें गणिलें, हें खरें. पण तें न्यायाचें कसें? येथें आपल्या मुलखांतील एक घडलेली गोष्ट उपयोगीं पडेल. सन १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कर्जानें गांजलेले शेतकरी सावकारांवर उठले. त्यांनीं खतें व कागद हिसकावून घेऊन जाळिले, आणि तो वणवा दुसऱ्या गांवींही पसरला. त्यांचीं गाऱ्हाणीं पुष्कळ अंशीं खरीं होतीं, म्हणूनच सरकारास १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. सावकाराच्या वहींत खोटें लिहिलेलें असूं शकतें. परंतु देवाच्या वहींत एकही अक्षर खोटें नाहीं. अशा खऱ्या कर्जाचें खत ऋणकोनें रात्रीं जाळिलें, तर कागद नाहींसा होतो, कर्ज नाहींसें होत नाहीं, आणि धनको दिसला कीं ऋणको तोंड लपवितो. आपण आपलें पाप विसरतों, लपवितों, दुसऱ्यावर ढकलितों, तेव्हां असेंच खत जाळीत असतों.

आतां दुसरी तऱ्हा पाहा. स्वतः धनकोच खत काढून सर्वांच्या देखत रद्द करितो. येथें कर्ज खरोखर संपतें, परंतु फुकट संपत नाहीं. शंभर रुपयांचें खत रद्द करणाऱ्याचे शंभर रुपये बुडतात. क्षमा घेणाऱ्यास ती मोफत असते, करणाऱ्यास कधींच मोफत नसते. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत पौल सांगतो कीं, आपल्याविरुद्ध असलेलें ऋणपत्र देवानें वधस्तंभास खिळून टाकिलें. अपराध्याऐवजीं कोणी तिऱ्हाईत निरपराधी धरून आणिला, असें तेथें झालें नाहीं. तसें झालें असतें तर नीतिसूत्रांतील वचनाचा दोष लागला असता. ख्रिस्ताच्या ठायीं देव स्वतः होता. ज्याचें येणें होतें त्यानेंच तोटा सोसिला. बन्याय जसा तसा चालूं द्यावा म्हणून न्यायाधीशानें लांच खाऊन डोळे मिटले नाहींत. पापाची सगळी किंमत उघड्यावर मांडली, आणि ती स्वतः भरिली. म्हणून देव न्यायी राहून अधर्म्यास नीतिमान ठरवूं शकतो.

ह्या देणगीस लावावयाचा हात म्हणजे विश्वास. विश्वास म्हणजे देव आहे असें नुसतें कबूल करणें नव्हे. याकोब म्हणतो कीं तेवढें तर भुतेंही कबूल करितात, आणि थरथर कांपतात. विश्वास म्हणजे नव्या तऱ्हेचें पुण्यही नव्हे कीं ज्याचा मोठा त्यास जास्त मिळावें. भाकर घेणारा हात म्हाताऱ्याचा कांपणारा असो कीं पैलवानाचा असो, भाकर तीच मिळते. मात्र हात रिकामा पाहिजे. मुठींत स्वतःच्या चांगुलपणाची नाणीं धरून ठेवणाऱ्या परूश्यास देवळांतून तसेंच परत जावें लागलें. छाती पिटून दया मागणारा जकातदार नीतिमान ठरून घरीं गेला.

आतां शेवटचा आणि सर्वांत व्यवहाराचा प्रश्न. आपल्या शेतकऱ्यानें पश्चात्ताप केला, विश्वास ठेविला आणि देवानें त्यास क्षमा केली. मग त्या पांच हात जमिनीचें काय? देवानें सोडिलें, आतां विधवेनेंही सोडावें, असें तो म्हणूं शकेल काय? मुळींच नाहीं. देवानें आपलें येणें सोडिलें. विधवेचें येणें सोडण्याचा अधिकार त्यानें ह्या मनुष्याच्या हातीं दिला नाहीं. जक्कयाकडे पाहा. प्रभु त्याच्या घरीं उतरला, तो जक्कयानें परतफेड केल्यानंतर नव्हे, आधीं. आणि प्रभु घरांत आल्यावर जक्कय उभा राहिला व म्हणाला कीं, अर्धें द्रव्य गरिबांस देतों, आणि ज्यास लुबाडलें त्यास चौपट देतों. क्षमा विकत घेण्यासाठीं त्यानें पैसे मोजिले नाहींत. क्षमा घरांत शिरल्यावर पेटीचें कुलूप आपोआप उघडलें. म्हणून आपला शेतकरी खरोखर नीतिमान गणला गेला असेल, तर तो विधवेच्या दारीं जाईल, चार माणसांदेखत कबूल करील, सरकारी मोजणी आणवील, आणि धोंडा जेथला तेथें रोंवील. दहा वर्षांच्या पिकाचेंही मनांत धरील.

कोणी म्हणेल, हें तर पुनः कृत्यांनीं तारण झालें. तसें नाहीं. पौल आणि याकोब ह्यांत भांडण आहे असें पुष्कळांस वाटतें. परंतु अब्राहाम उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायांत नीतिमान गणला गेला, आणि इसहाकास घेऊन डोंगरावर गेला ती गोष्ट बाविसाव्या अध्यायांतील. पौल पेरणीचा दिवस सांगतो, याकोब कणसाकडे बोट दाखवितो. कणीस पाहून कोणी बीं विकत घेत नाहीं. परंतु कणीस आलेंच नाहीं तर बीं पेरिलें होतें काय, असें कोणीही विचारील. ह्याच प्रश्नावरून पश्चिमेकडील मंडळी सोळाव्या शतकांत दुभंगली. पुढें १९९९ सालीं ऑक्टोबरच्या ३१ तारखेस जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें ल्यूथरपंथी मंडळ्यांनीं आणि रोमन कॅथलिक मंडळीनें एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपण केवळ कृपेनें, ख्रिस्तावरील विश्वासाच्या द्वारें देवास ग्राह्य होतों, आणि सत्कृत्यें हीं त्याचीं फळें आहेत, असें दोघांनीं मिळून सांगितलें. मेथडिस्ट मंडळ्या २००६ सालीं आणि रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ सालीं ह्या घोषणेशीं जोडल्या गेल्या. चारशें ऐशीं वर्षांहून अधिक काळ वाद घालून विद्वान् जेथें आले, तें सत्य बांधावर उभा असलेला साधा शेतकरीही समजूं शकतो.

त्या विधवेसही विसरतां कामा नये. तिला क्षमा कर असें सांगणें सोपें आहे, आणि धोंडा परत बसण्यापूर्वीं सांगणें तर निर्दयपणाचें आहे. क्षमा करणें म्हणजे बांध कधीं कोरलाच नव्हता असें म्हणणें नव्हे. देवानेंही आपलें पाप झालेंच नाहीं असें म्हटलें नाहीं; झालें असें म्हणून सोडिलें. ती ज्या दिवशीं क्षमा करील त्या दिवशीं तीही कांहीं सोशील, आणि तें सोसण्याचें बळ तिला वधस्तंभापाशींच मिळेल. मंडळीनें तोंवर तिच्या बाजूस उभें राहावें.

गांवोगांव शिकविणाऱ्या बंधूंनो व भगिनींनो, म्हणून आपली विनंति अशी. पाप शिकवितांना कोणाच्या जन्माची लाज वाढवूं नका. ज्यास खोटी लाज आहे त्याची ती काढा, आणि ज्यास खरी लाज नाहीं त्यास ती द्या. नीतिमत्त्व शिकवितांना पुण्याची वही हातीं देऊं नका. आणि कृपा शिकवितांना ती स्वस्त करूं नका, कारण ती देणाऱ्यास स्वस्त पडली नाहीं. येत्या रविवारीं प्रभूच्या मेजापाशीं येण्यापूर्वीं प्रत्येकानें एकदां आपल्या बांधाकडे जाऊन यावें. धोंडा जागेवर असेल तर देवाचे आभार मानावेत, पण त्याचा अभिमान धरूं नये. सरकला असेल तर भिऊन पळूं नये. ज्यानें आपलें खत रद्द केलें, तोच धोंडा उचलावयास हात देईल. त्याची कृपा आपणां सर्वांबरोबर असो.